नाकातलं बिऱ्हाड

मे महिन्यात मी मिरजेला बहिणीकडे गेलो होतो. घरात दीड महिन्याचं बाळ, त्याची चौथी पास झालेली ताई म्हणजे माझी भाची, आणि पंचाहत्तरीचे आबा, अशी सगळ्या मापांची माणसं होती. त्या आठवड्यात घरातल्या दोघांना सुई टोचली गेली. बुधवारी बाळाला आरोग्य केंद्रात नेलं, तिथे बाकीच्या लशींबरोबर एक सुई उजव्या मांडीत बसली. शुक्रवारी आबांना त्यांच्या डॉक्टरांनी दंडात दिली. बाळानं भोकाड पसरलं. आबांनी पसरलं नाही, पण घरी आल्यावर एरवी बंद असलेली जिलबी मात्र वसूल करून घेतली.

भाचीला हातात येईल तो कागद वाचायची सवय आहे. वाण्याचं बिलसुद्धा ती बेरीज करून बघते. तिनं बाळाचं लसीकरण कार्ड आणि आबांची चिठ्ठी शेजारीशेजारी ठेवली आणि मला हाक मारली.

"मामा, बाळाच्या कार्डावर पीसीव्ही लिहिलंय. आई म्हणाली, ती न्यूमोकॉकस नावाच्या जंतूवरची लस. आबांच्या कागदावरही न्यूमोकॉकसच आहे. मग मला का नाही?"

प्रश्न बरोबर होता. एक दीड महिन्याचा, एक पंचाहत्तर वर्षांचा, दोघांच्या मागे एकच जंतू. मधली धडधाकट मुलगी त्यातून सुटली कशी?

"तू सुटलेली नाहीस," मी म्हटलं. "तो आत्ता तुझ्या नाकात बसलेला असू शकतो."

"ईऽऽ!" तिनं दोन्ही हातांनी नाक दाबून धरलं. म्हणजे तो बाहेर येऊ नये म्हणून की आणखी आत जाऊ नये म्हणून, ते मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

या जंतूची ओळख करून घ्यायला आम्ही स्वयंपाकघरात गेलो. बहिणीनं सरबतासाठी सब्जा भिजत घातला होता. सब्जा तुम्हाला माहीत असेलच, फालुद्यात असतो तो. कोरडा असताना तिळाएवढा, काळा. पाण्यात पडला की थोड्याच वेळात प्रत्येक दाण्याभोवती काचेसारखं पारदर्शक, बुळबुळीत आवरण तयार होतं. मी भाचीला म्हटलं, "कोरडा दाणा चिमटीत धर." तिनं धरला. "आता भिजलेला धर." धरला की निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. पाचव्या खेपेला तो उडून आबांच्या चष्म्यावर बसला आणि आमचा प्रयोग संपला.

न्यूमोकॉकस हा असा भिजलेला सब्जा आहे. मधे जंतू, आणि अंगावर साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब माळांची बुळबुळीत झूल. हा इतका बारीक की तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर एका मिलीमीटरच्या घरात एकामागोमाग एक असे हजारभर उभे राहतील. बहुतेक वेळा जोडीनं असतो: दोन दाणे एकमेकांना चिकटलेले, बाहेरची टोकं किंचित निमुळती.

आपल्या शरीरात पांढऱ्या पेशींची गस्त चालू असते. परका जंतू दिसला की धरायचं आणि गिळून टाकायचं, एवढंच त्यांचं काम. पण अंगाला तेल चोपडून आखाड्यात उतरलेल्या पैलवानाला धरणार कुठे? पेशी हात घालते, जंतू निसटतो. मग शरीर दुसरा उपाय काढतं. ते प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करतं. त्या झुलीला अचूक चिकटतात आणि पांढऱ्या पेशींना धरायला जणू मूठच मिळते.

इथे न्यूमोकॉकसची खरी लबाडी कळते. त्याच्याकडे एकच झूल नाही. माळा ओवायच्या तऱ्हा वेगळ्या, म्हणून झुली वेगळ्या, आणि अशा शंभराहून जास्त झुली शास्त्रज्ञांनी आजवर मोजल्या आहेत. प्रत्येक झुलीला नंबर आहे: 1, 5, 14, 19ए, 23एफ, असे. एका नंबराची अँटीबॉडी बहुधा दुसऱ्या नंबराला चिकटत नाही. 1902 साली जर्मनीत फ्रेड नॉयफेल्ड यांनी एक गंमत पाहिली होती. जंतूंवर योग्य नंबरची अँटीबॉडी टाकली की सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची झूल एकदम फुगल्यासारखी ठळक दिसते. थेट सब्जासारखी! चुकीच्या नंबरची टाकली तर काहीच होत नाही. पुढे कितीतरी वर्षं डॉक्टर या फुगण्यावरून जंतूचा नंबर ओळखत असत.

आता नाकाकडे येऊ. भाची अजून ते धरूनच होती.

नाकपुडीतून सरळ मागे गेलं की टाळूच्या वर एक ओलसर, उबदार कोनाडा लागतो. न्यूमोकॉकस तिथे बिऱ्हाड करतो. भाडं देत नाही, पण बहुतेक वेळा त्रासही देत नाही. काही आठवडे, कधी काही महिने राहतो आणि निघून जातो. मग दुसऱ्या नंबरचा येतो. त्याची सगळ्यात आवडती जागा म्हणजे लहान मुलांची नाकं. आपल्यासारख्या देशांत तर पुष्कळ बाळांच्या नाकात तो पहिल्या वाढदिवसाच्या आत हजेरी लावून जातो. तो पसरतो शेंबडातून, शिंकेतून, लाळेतून. बालवाडीत दहा मिनिटं बसून बघा, म्हणजे त्याचा प्रवास कसा चालतो हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

हा जंतू सापडला तोही असाच, भलत्या ठिकाणी. लुई पाश्चर पॅरिसमध्ये पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाचा शोध घेत होते. त्या रोगानं गेलेल्या एका मुलाची लाळ त्यांनी सशाला टोचली. ससा मेला, पण त्याच्या रक्तात दिसला तो हा जोडीनं राहणारा जंतू, ज्याचा कुत्र्याशी काही संबंध नव्हता. त्याच सुमारास अमेरिकेच्या लष्करातले एक डॉक्टर, जॉर्ज स्टर्नबर्ग, यांनी सशाला स्वतःचीच लाळ टोचली. स्टर्नबर्ग ठणठणीत होते. ससा मात्र मेला! दोघांनी 1881 मध्ये आपापली हकिगत छापली. एकाला दुसऱ्याची खबर नव्हती. स्टर्नबर्ग यांना त्या दिवशी काय वाटलं असेल? ज्या थुंकीनं ससा मेला ती आपण रोज गिळतो आहोत, आणि आपल्याला साधी सर्दी नाही.

"म्हणजे माझ्यासारखेच," भाची म्हणाली. तिनं नाक सोडलं. थोर माणसाच्या नाकातही तोच होता म्हटल्यावर तिला बरं वाटलं असावं.

त्रास सुरू होतो तो बिऱ्हाडकरू आपली खोली सोडून घरभर हिंडायला लागला की. नाकाच्या मागून कानाकडे एक बारीक नळी जाते. त्या नळीनं तो मधल्या कानात पोचला तर कान ठणकतो. रात्री दोन वाजता लहान मुलं कान धरून रडतात, त्यातल्या पुष्कळ वेळा हाच असतो. खाली उतरला तर फुप्फुसात. आपल्या फुप्फुसांत हवेच्या इवल्या फुग्यांची दाटी असते, मोठ्या माणसात तीस कोटींच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त. या फुग्यांच्या पातळ भिंतीतून प्राणवायू रक्तात जातो. जंतू तिथे वाढला की फुगे पाण्यानं आणि पुवानं भरतात. हवा आत येते, पण रक्तापर्यंत पोचत नाही. हा न्यूमोनिया. तो इतर जंतूंनी आणि विषाणूंनीही होतो, पण न्यूमोकॉकस हा त्यातला जुना वतनदार. कधी तो रक्तात शिरतो, आणि अगदी क्वचित मेंदूभोवतीच्या आवरणात. तो मेंदूज्वर फार वाईट.

2019 या एका वर्षात जगभरात पाच वर्षांखालची 7 लाख 40 हजारांहून जास्त मुलं न्यूमोनियानं गेली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा आकडा मी भाचीला सांगावा की नाही, याचा विचार करत होतो. पण ती बिलं तपासणारी मुलगी. तिनं विचारलंच, तेव्हा सांगितला. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग पाळण्यापाशी जाऊन आली.

मग बाळ आणि आबाच का?

आधी बाळ. तुमच्या वयापर्यंत कितीतरी नंबरांचे न्यूमोकॉकस तुमच्या नाकात येऊन राहून गेलेत. प्रत्येक वेळी तुमच्या शरीरानं गुपचूप ओळख करून ठेवली आहे. बाळाकडे ही ओळखीची वही कोरी असते. आईकडून आलेल्या अँटीबॉडी काही महिने पुरतात आणि संपतात. त्याहून मोठी अडचण अशी की दोन वर्षांखालच्या मुलाच्या शरीराला साखरेच्या माळा हा प्रकार नीट कळतच नाही. प्रथिनं दिसली की ते लगेच सावध होतं, पण नुसती साखर दिसली की त्याला काही विशेष वाटत नाही. झुलीनं अंग झाकलेला जंतू त्याच्यासमोर मांजरासारखा पावलं न वाजवता फिरतो.

तेव्हा करायचं काय? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची! गोष्टीतल्या उंदरांना ती बांधता आली नाही, पण रसायनशास्त्रज्ञांना आली. 1930 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ऑस्वाल्ड एव्हरी आणि वॉल्थर गोबेल यांनी झुलीतली साखर एका प्रथिनाला जोडून पाहिली. आता शरीर प्रथिनाची घंटा ऐकून जागं झालं, आणि त्याला बांधलेल्या साखरेचीही ओळख करून बसलं. बाळाच्या लशीत आज नेमकं हेच असतं. जंतू नाहीच, फक्त त्याच्या झुलीचे तुकडे, आणि ते घटसर्पाच्या विषापासून बनवलेल्या, पण विषारीपणा काढून टाकलेल्या निरुपद्रवी प्रथिनाला जोडलेले. म्हणून तिला जोड-लस म्हणता येईल. कार्डावरच्या पीसीव्हीमधला मधला सी म्हणजे ही जोड.

आता आबा. त्यांची वही भरलेली आहे, पण पानं जीर्ण झालीत. वय वाढतं तशी नवी अँटीबॉडी बनवायचा वेग कमी होतो. श्वासनळीतले बारीक केस, जे घाण वर ढकलत असतात, ते मंदावतात. खोकल्याचा जोर कमी होतो. त्यात मधुमेह असेल, हृदय अशक्त असेल, किंवा विडी-सिगारेट ओढली असेल, तर बिऱ्हाडकरूला जिना उतरायला आणखी सोपं. (आबांनी विडी 1998 साली सोडली. ते तारीख-वारासकट सांगतात.)

आणि फ्लू. हा न्यूमोकॉकसचा जुना साथीदार आहे. फ्लूचा विषाणू श्वासनळीचं अस्तर खरवडून ठेवतो, आणि मोडलेल्या दारातून मागून हा शिरतो. 1918 साली पहिल्या महायुद्धाच्या शेवटी जगभर फ्लूची साथ आली. आपल्याकडे ती जूनमध्ये मुंबईच्या बंदरातून शिरली, आणि देशभरात एक कोटीहून कितीतरी जास्त माणसं दगावली. पुढे जपून ठेवलेल्या फुप्फुसांचे तुकडे आणि जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की त्या साथीतले बहुतेक मृत्यू फ्लूनंतर आलेल्या जंतूंच्या न्यूमोनियामुळे झाले. त्या जंतूंमध्ये न्यूमोकॉकस पुढे होता. म्हणून फ्लूची लस घेतली की न्यूमोकॉकसची वाटही थोडी अवघड होते.

वय मधलं असूनही काहींना धोका असतो. पोटात डावीकडे, बरगड्यांच्या आत प्लीहा नावाचा अवयव असतो. जुनी माणसं त्याला पानथरी म्हणतात. झूल पांघरलेले जंतू रक्तातून गाळून काढायचं काम मुख्यतः तिचं. सिकलसेल आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अडकून अडकून पानथरी लहानपणीच निकामी करून टाकतात. नंदुरबार, गडचिरोली या भागांत हा आजार असलेली मुलं बरीच आहेत. त्यांच्यासाठी न्यूमोकॉकस हा नाकातला गरीब बिऱ्हाडकरू उरत नाही, आणि ही लस त्यांना दुप्पट मोलाची.

इथे मला एक आडवळण घ्यायचं आहे. उंदरांची गोष्ट सांगितल्याशिवाय न्यूमोकॉकसवर लिहिणं म्हणजे सिंहगडाला जाऊन पिठलं-भाकरी न खाता परत येणं.

1928. लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ नावाचे एक अबोल डॉक्टर न्यूमोकॉकसच्या जाती जमवत होते. त्यांच्याकडे झूलवाले जंतू होते, जे टोचल्यावर उंदीर मरत. आणि झूल हरवलेले होते, ज्यांचं उंदरांना काही वाटत नसे. झूलवाले तापवून मारले, तर तेही निरुपद्रवी. मग ग्रिफिथनी दोन निरुपद्रवी गोष्टी एकत्र टोचल्या: जिवंत पण उघडे जंतू, आणि झूलवाल्यांची प्रेतं. उंदीर मेला! आणि त्याच्या रक्तात काय सापडलं? जिवंत, झूल पांघरलेले न्यूमोकॉकस. उघड्या जंतूंनी मेलेल्यांकडून झूल विणायची विद्या उचलली होती, आणि ती आपल्या पोराबाळांनाही दिली होती.

मेलेल्या जंतूकडून जिवंत जंतूकडे गेलं तरी काय? ते शोधायला सोळा वर्षं लागली. 1944 मध्ये त्याच एव्हरींनी, कॉलिन मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांच्याबरोबर, उत्तर छापलं: डीएनए. आई-बाबांचे गुण मुलांत कशातून उतरतात, याचा पहिला भक्कम पुरावा हा असा एका शेंबडातल्या जंतूनं दिला. ग्रिफिथना हे कळलं नाही. 1941 साली लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात ते गेले. एव्हरींना नोबेल मिळालं नाही, आणि माझ्या मते नोबेल देणाऱ्यांची ती ठसठशीत चूक आहे. तुम्ही पुढे जीवशास्त्र शिकाल तेव्हा डीएनएचा तो पिळदार जिना बघताना या सब्जाच्या दाण्याची आठवण ठेवा, एवढंच.

बरं, लशीकडे परत येऊ. वाटेत घोडे लागतील.

प्रतिजैविकं येण्याआधी न्यूमोनियावर घोड्याचा उपाय होता. मारलेले जंतू घोड्याला टोचायचे, त्याच्या रक्तात अँटीबॉडी झाल्या की थोडं रक्त काढून त्यातलं सीरम रोग्याला द्यायचं. पण कुठल्या घोड्याचं? 1 नंबरच्या जंतूला 1 नंबरचंच सीरम लागे. म्हणून डॉक्टर रात्री-अपरात्री रोग्याची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली धरून कुठल्या सीरमनं झूल फुगते ते बघत बसत. मग 1940 च्या दशकात पेनिसिलिन आलं आणि सगळ्यांना वाटलं, झालं, सुटलो. लशींचं काम मागे पडलं. अमेरिकेतले रॉबर्ट ऑस्ट्रियन मात्र हट्टी निघाले. त्यांनी नोंदी ठेवून दाखवलं की पेनिसिलिन देऊनही कितीतरी रोगी पहिल्या काही दिवसांतच दगावतात. औषध पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. 1970 च्या दशकात त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींमध्ये लशीची चाचणी घेतली. दाटीवाटीच्या बराकींत राहणारे ते खाणमजूर न्यूमोनियानं हैराण असत, आणि 1911 पासून तिथे वेगवेगळ्या लशी आजमावून झाल्या होत्या. ऑस्ट्रियन यांची लस चालली. 1977 मध्ये 14 नंबरांची लस बाजारात आली, 1983 मध्ये 23 नंबरांची. पण तिच्यात नुसती साखर. मोठ्यांना उपयोगी, बाळांना नाही. घंटा बांधलेली जोड-लस बाळांना मिळायला 2000 साल उजाडलं. अमेरिकेत ती पहिल्यांदा सुरू झाली, सात नंबरांची.

आणि मग ती गंमत घडली, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

लस दिली बाळांना. बाळांमधला त्या सात नंबरांचा गंभीर आजार जवळजवळ नाहीसा झाला. हे अपेक्षितच होतं. पण काही वर्षांनी आकडे बघणाऱ्यांच्या लक्षात आलं की पासष्टीच्या पुढच्या माणसांमध्येही त्या सात नंबरांचा आजार सुमारे नव्वद टक्क्यांनी घटला आहे. त्यांना तर ती लस दिलीच नव्हती!

भाचीला मी विचारलं, "हे कसं झालं असेल?"

तिनं पाळण्याकडे पाहिलं. मग आबांकडे पाहिलं. बाळ दिवसातले दोन तास आबांच्या मांडीवर असतं, त्यांच्या सदऱ्यावर लाळ गाळत.

"बाळाच्या नाकातून यायचा तो," ती म्हणाली. "आता बाळाच्या नाकातच नाही."

अगदी तेच. जोड-लस रक्तात जंतूला अडवतेच, शिवाय नाकातलं बिऱ्हाडही थाटू देत नाही. मोठ्या माणसांच्या नाकात हा मुळात कमी असतो. त्यांना तो बहुतेकदा घरातल्या शेंबड्या मंडळींकडून मिळतो. नातवंडाच्या मांडीत टोचलेल्या सुईनं आजोबांचा न्यूमोनिया टळावा, ही मला तरी कुठल्याही जादूच्या गोष्टीपेक्षा भारी वाटते. आबांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "मग मला कशाला टोचलं?" आता शंभर नंबरांपैकी लशीत असतात ते थोडे, आणि सगळ्यांच्याच घरची बाळं लस घेतात असं नाही. म्हणून, आबा.

कारण न्यूमोकॉकसही स्वस्थ बसणाऱ्यातला नाही. एसटीत खिडकीजवळची जागा रिकामी झाली की कुणीतरी लगेच रुमाल टाकतो. तसं सात नंबर हटले आणि त्यांच्या जागी 19ए नावाच्या नंबरानं रुमाल टाकला. मग लशीत नंबर वाढवत न्यावे लागले: दहा, तेरा, पंधरा, वीस. मोठ्यांसाठी 2024 मध्ये एकवीस नंबरांचीही आली. शिवाय हा औषधांनाही सरावतो. एकाच वेळी अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे न्यूमोकॉकस 1977 मध्येच दक्षिण आफ्रिकेत सापडले होते.

आपल्या देशात सरकारी लसीकरणात पीसीव्ही 2017 मध्ये हिमाचल प्रदेश आणि बिहार-उत्तर प्रदेशातल्या काही जिल्ह्यांत सुरू झाली आणि 2021 मध्ये देशभर पोचली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, अशा तीन वेळा, फुकट. आबांच्या वयाच्या लोकांना मात्र ती डॉक्टरांना विचारून विकत घ्यावी लागते. 2020 च्या शेवटी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं आपल्याकडे बनवलेली दहा नंबरांची लस आणली. तिची मोठी चाचणी पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात झाली होती. आता सांगा, सीरम हे नाव कुठून आलं? पुन्हा घोडे! पूनावाला कुटुंबाचा शर्यतीच्या घोड्यांचा तबेला होता. म्हातारे झालेले घोडे सीरम काढण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात. त्यावरून सायरस पूनावालांना वाटलं, सीरम आपणच का बनवू नये? 1966 मध्ये संस्था सुरू झाली.

जगभरात न्यूमोकॉकसनं दगावणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलांचा अंदाज 2000 साली सुमारे सहा लाख होता. 2015 पर्यंत तो तीन लाखांच्या खाली आला. अर्धं काम झालं, अर्धं बाकी आहे.

त्या बाकीच्या अर्ध्यात लशीबरोबर इतर गोष्टीही येतात. बाळाला सहा महिने नुसतं आईचं दूध, घरात चुलीचा आणि विडीचा धूर नको, हात धुणं. आणि आजार झालाच, तर तो वेळेवर ओळखणं. ओळखायचा कसा? डॉक्टर दहा कोसांवर, एक्स-रे त्याहून लांब, तेव्हा काय करायचं? हे गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे 1988 च्या सुमारास उभं राहिलं. न्यूमोनियात फुगे भरले की बाळ भरभर श्वास घेतं, म्हणून श्वास मोजले की बरंचसं कळतं. पण गावातल्या दायांना पन्नासपर्यंत आकडे कुठे येत होते? तेव्हा त्यांनी एक खेळण्यासारखं साधन बनवलं. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. चार मणी हिरवे, पाचवा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू करायचं. अगदी तान्ह्या बाळांसाठी वेगळी ओळ, तिच्यात एक हिरवा मणी जास्त.

त्या गावांत आरोग्यदूतांनी आणि दायांनी अशी 612 मुलं उपचाराखाली घेतली. त्यांतली शंभरात एकापेक्षाही कमी दगावली, 0.8 टक्के. शेजारच्या ज्या भागात हे काम नव्हतं, तिथे हे प्रमाण 13.5 टक्के होतं. 1990 मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं.

हे ऐकून भाची उठली. आबांचं मनगटी घड्याळ काढून घेतलं आणि पाळण्यापाशी जाऊन बसली. मी तिला आकडे सांगितले: बाळ दोन महिन्यांचं होईपर्यंत मिनिटाला साठ किंवा जास्त, मग वर्षाचं होईपर्यंत पन्नास किंवा जास्त, आणि पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त श्वास आले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडायला लागला, तर मोजत बसायचं नाही, मोठ्यांना हाक मारून दवाखाना गाठायचा. बाळ शांत झोपलेलं असताना मोजायचं, रडताना नाही. पोट एकदा वर आणि खाली झालं की एक.

बाळ झोपलं होतं. दुपटं थोडं खाली सारून ती पोटावर डोळे रोखून बसली. ओठ हलत होते. मणी नव्हते म्हणून दर दहाला ती सब्जाचा एक कोरडा दाणा वाटीतून काढून जमिनीवर ठेवत होती. एक दाणा. दोन. तिसरा ठेवला. सदतीस, अडतीस...

आबा शिंकले. असे शिंकले की भांड्यांनी आवाज दिला.

"आबा, कोपरात!" ती ओरडली. बाळ दचकून जागं झालं आणि रडायला लागलं. तिनं तिन्ही दाणे उचलून वाटीत टाकले आणि बाळ पुन्हा झोपायची वाट बघत तिथेच मांडी घालून बसली.